मावशीचे दोन माठ

जगातल्या सगळ्या भानगडींचं मूळ तापमानात आहे, असं छातीठोकपणे सांगणारी माझ्या पाहण्यातली एकमेव व्यक्ती म्हणजे माझी मावशी. कुणाचं भांडण असो, कुणाचं बिघडलेलं पोट असो, लग्नातला रुसवा असो की निवडणुकीचा निकाल, तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "त्या दिवशी किती होतं?" यवतमाळच्या एका कॉलेजात तिने जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. निरोपसमारंभात प्राचार्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, तेव्हा तिने शालीकडे पाहिलं, वर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि "एप्रिलमध्ये?" एवढंच विचारलं. तेच तिचं निरोपाचं भाषण झालं. तिच्या पर्समध्ये पैसे असोत नसोत, प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर असायचाच, तोही स्वतःच्या हाताने विणलेल्या लोकरीच्या मोज्यात. चहा आला की आधी तो कपात बुडायचा. माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही वणीकडे गेलो होतो, तिथे तिने सगळ्यांच्या देखत पोह्यांत थर्मामीटर खुपसला. परतताना एसटीत म्हणाली, "पोहे पार थंड झाले होते. म्हणजे पोहे वेळेवर झाले, मुलगीच बाहेर यायला तयार नव्हती. तिचं मन दुसरीकडे आहे." दोन महिन्यांनी त्या मुलीने आपल्या पसंतीने लग्न केलं. मावशीला आनंद झाला तो मुलीच्या लग्नाचा की पोह्यांच्या निदानाचा, हे मला आजवर कळलेलं नाही.

तिची भाषाही तापमानाप्रमाणे बदलायची. एरवी ती वर्गातली स्वच्छ मराठी बोले, प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं. पण पारा चढला की ती मराठी गळून पडायची आणि खालून माहेरची, बाभुळगावची वऱ्हाडी बाहेर यायची. मी तेव्हा यवतमाळच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि तिच्याकडेच राहत होतो. दारात चप्पल काढता काढता आतून "का"ऐवजी "काहून" ऐकू आलं, की मी पुन्हा चप्पल घालून चौकाकडे वळायचो.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव असा बसला होता की लोकांनी कापूस विकण्याऐवजी घरातच भरून ठेवला होता. शेजारच्या शांताकाकूंचं शेत बाभुळगावजवळ, बेंबळा नदीच्या काठाला. त्यांच्या घरात कापूस मावेना, तेव्हा मावशीने आपली समोरची खोली उघडून दिली आणि ती छतापर्यंत भरली. आलेला पाहुणा कापसाला टेकून बसायचा आणि अंग खाजवत उठायचा. संध्याकाळी ओट्यावर पेपर मोठ्याने वाचायची गल्लीची जुनी रीत त्या वर्षी, रोज कुठल्या तरी शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी असायची म्हणून, आपोआप बंद पडली होती. ज्याने त्याने आपला आपला वाचावा आणि घडी घालून ठेवावा.

अशात होळीच्या सुमाराला शांताकाकूंच्या मुलाचा, गजाननचा, शेतावरून फोन आला. नदीकाठी पाइपलाइनसाठी चर खणताना मशीनच्या तोंडाशी रेतीत पांढरी, लांबोडकी अंडी निघाली होती. "म्याडम, पाखराचे नाही वाटत. काय करू?" मावशी फोनवर इतक्या मोठ्याने "हात लावू नको!" ओरडली की गल्लीतल्या तीनचार जणांनी हातातल्या वस्तू खाली ठेवल्या. ती कासवाची अंडी होती. परवानगीसाठी तिने वनखात्याच्या साहेबांना फोन लावला आणि त्यांना कासवांबद्दल इतकं शिकवलं, की शेवटी साहेबच काकुळतीला येऊन म्हणाले, "मॅडम, न्या. पिल्लं झाली की नदीत सोडा. फक्त आज पुन्हा फोन करू नका."

अंडी आणायला मीही गेलो होतो. मावशीने प्रत्येक अंड्यावर, ते रेतीत जसं होतं तसंच ठेवून, वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारली. कोंबडी आपली अंडी फिरवते, पण कासवाचं अंडं एकदा रुजलं की उलटं करायचं नसतं. आतला जीव वरच्या बाजूला चिकटून बसलेला असतो, उलटला की तो जातो. रेती भरलेल्या पितळी डब्यात फुल्या वर करून अंडी ठेवली आणि डबा मांडीवर घेऊन मावशी एसटीत बसली. कंडक्टरने विचारलं, "बाई, डब्यात काय हाय?" मावशीने सांगितलं, आणि नुसतं सांगितलं नाही, उभ्या गाडीला ऐकू जाईल असं शिकवलं. पहिला खड्डा आला तेव्हा मागून एक म्हातारबा ओरडला, "हळू घे न बे, लेकरं हायेत गाडीत!" पुढे यवतमाळपर्यंत प्रत्येक खड्ड्याला सगळी गाडी एका आवाजात ओरडत होती. ड्रायव्हरने स्टँडवर उतरून कपाळ पुसलं आणि म्हणाला, "मंत्री बसले होते तवा बी एवढा तरास नव्हता."

आता खरी गोष्ट सुरू झाली. मावशीने जन्मभर फळ्यावर एक धडा शिकवला होता. आपल्याकडे मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो तेव्हाच ठरतं, पण बहुतेक कासवांत ते ठरवते रेतीची ऊब. घरटं थंड राहिलं तर पिल्लं नर, गरम राहिलं तर माद्या, मधल्या उबेत दोन्ही. उबेत पिल्लू लवकर वाढतं, थंडीत रेंगाळतं, आणि फारच तापलं तर आतल्या आत मरतं किंवा वेडंवाकडं निघतं. हे तिने पोरांच्या कितीतरी पिढ्यांना सांगितलं, पण डोळ्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. आयुष्यात आपल्या नावाचा एक तरी शोधनिबंध छापून यावा अशी तिची फार जुनी इच्छा होती, आणि ती इच्छा आता पितळी डब्यातून चालत घरी आली होती.

तिने दोन माठ घेतले. दोन्हींत रेती भरली, अंडी अर्धी अर्धी वाटली. एक माठ समोरच्या खोलीत फरशीवर, चहूबाजूंनी कापूस रचून ठेवला. हा बत्तीसचा, मुलींचा. "कापूस गरम करत नाही आणि थंडही करत नाही," ती मला म्हणाली, "जे आहे ते तसंच धरून ठेवतो. माणसांत असा गुण सापडत नाही." दुसरा माठ मधल्या खोलीत, ओल्या रेतीच्या टोपल्यात, कूलरसमोर. हा सत्तावीसचा, मुलग्यांचा. घरात कूलर एकच. त्या उन्हाळ्यात यवतमाळ भट्टीसारखं तापलं असताना मी आणि मावशी ओले पंचे डोक्यावर घेऊन फिरत होतो आणि माठ वाळ्याच्या वाऱ्यात पहुडला होता. कूलर दुरुस्त करायला आलेले रशीदभाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ माठाकडे पाहत राहिले. "म्याडम, आदमी गरम में और मटका ठंडे में? ऐसा कायको?" मावशी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सोपं आहे रशीदभाई. मुलगा पाहिजे तर सत्तावीस, मुलगी पाहिजे तर बत्तीस!"

हे वाक्य गल्लीने उचललं आणि वाटेत त्यातलं कासव गळून पडलं.

आठवड्याभरात दारी अनोळखी बायका येऊ लागल्या. पदर डोक्यावर, आवाज हलका. "मॅडमकडं काही औषध हाय म्हणतात..." मावशी त्यांना आत बसवायची, पाणी द्यायची आणि कासवाच्या जीवनचक्राचा पूर्ण तास घ्यायची. बऱ्याचजणी कापसामुळे खाजवत आणि तासामुळे जांभया देत परत जायच्या. मी म्हटलं, "मावशी, लोकांचा काहीतरी गैरसमज होतोय." ती म्हणाली, "लोकांची जिज्ञासा वाढली आहे."

मग एका सकाळी दारात जीप थांबली. सरकारी दवाखान्यातल्या एक तरुण डॉक्टरीणबाई आणि त्यांच्यासोबत दोन महिला पोलीस. डॉक्टरीणबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "या घरी लिंगनिदान होतं अशी तक्रार आली आहे."

"निदान नाही," मावशी म्हणाली, "निश्चिती. दोन्हींत फार फरक आहे. या ना, आत या."

मी डोक्याला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यंत्र कुठे आहे?" मावशीने मोठ्या उत्साहाने माठ दाखवला. "यात काय आहे?" "मुलगे. आणि त्या खोलीत मुली. म्हणजे माझा अंदाज आहे, खात्री नाही." एका पोलीसबाईने माठात वाकून पाहिलं आणि तशीच दोन पावलं मागे सरली. हळूहळू सगळा उलगडा झाला तेव्हा डॉक्टरीणबाई आधी ओशाळल्या, मग हसल्या आणि मग खुर्ची ओढून थर्मामीटर कसा पुरलाय ते पाहायला बसल्या. चहा टाकायला सांगून मावशी शिकवायच्या तयारीत उभी राहणार, तोच दारातून शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग तिसरी.

शांताकाकूंची सून, गजाननची बायको सुनंदा जीप पाहून दाराशी आली होती. तिला दोन मुली होत्या आणि आता पुन्हा दिवस गेले होते. नाक लाल, अंगात काकडा, पोटाशी लुगडं ओलं. डॉक्टरीणबाईंनी जवळ बोलावून हात धरला. "भर एप्रिलात एवढी सर्दी कशाने?"

सुनंदाने पदराने नाक पुसलं. तिच्या मागून शांताकाकू म्हणाल्या, "काही नाही जी. कूलरसमोर निजवतो तिले. गार पाण्याची पट्टी ठेवतो पोटावर. काकडी देतो, ताक देतो. थंडाईनं पोरगं होते म्हणून या म्याडमच तं सांगून राह्यल्या सगळ्याईले."

मावशी एकदम खाली बसली. तिचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. आपण इतकं शिकवलं आणि शेजारच्या भिंतीपलीकडे त्याचं हे झालं, हे तिच्या ध्यानात येत होतं. मग ती उठली, आणि वर्गातली मराठी गळून पडली.

"अवं शांता, थे सुनंदा काय रेतीत अंडे घालून राह्यली का? माणसाच्या पोटात उन्हाळा असो का हिवाळा, ऊब तेवढीच असते. तू तिले बर्फात ठेवलं तरी मरन थे, पण पोरीचा पोरगा नाही होणार! आन् पोरगं का पोरगी थे गर्भ राह्यते तवाच ठरते. न् ठरते बापाकडून. बाईच्या हातात त्यातलं काहीच नसते. कायले तिच्या मांगं लागली? इचारायचं असन तं गजाननले इचार!"

गजानन नेमका तेव्हाच समोरच्या खोलीतून कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघाला होता. तो तसाच थबकला. "मी काय केलं?" पोलीसबाई फसकन हसल्या. शांताकाकू मुलाकडे अशा पाहू लागल्या, जणू इतकी वर्षं घरात चुकीच्या माणसाला रागावत होत्या.

सुनंदा मात्र हसली नाही. तिने हळूच विचारलं, "म्हणजे मॅडम, माहा दोष नाही?"

"दोष?" मावशीचा आवाज खाली आला. "कोनाचाच नाही वं. पोरगी होणं काय दोष हाय? मी काय दोष आहो?"

डॉक्टरीणबाईंनी सुनंदाला औषध लिहून दिलं, काकडी बंद केली आणि जाताना, पिल्लं निघाली की कळवा, असं बजावून गेल्या.

मे महिन्यात वादळ आलं आणि चौकातला ट्रान्सफॉर्मर जळाला. लोडशेडिंगची सवय होती, पण या वेळी वीज दोन दिवस आलीच नाही. बत्तीसच्या माठाला कापसाने धरून ठेवलं. सत्तावीसचा माठ मात्र कूलर बंद पडल्यावर चढू लागला. ओली पोती झाली, वारा घालणं झालं, बर्फाच्या शोधात रशीदभाई राजूरपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने आले. मावशी माठापाशी बसून होती आणि पहिल्यांदाच तिला काही सुचत नव्हतं. एवढी अंडी आपण नदीकाठून उचलून आणली ती इथे उकडून मारायला, असं ती पुटपुटली.

तेव्हा सुनंदा म्हणाली, "मॅडम, आमची वीर हाय न. वीरीत गार असते."

शांताकाकूंच्या परसात जुनी विहीर होती. पाणी खोल, त्याच्या हातभर वर दगडाचा गारवा. पण माठ उतरवायचा तर हिसका बसायला नको, तो तिरपा व्हायला नको. गजाननने कापूस बांधायचे दोर आणले, माठाभोवती जाळं विणलं आणि विहिरीच्या गरगडीवरून, म्हणजे कप्पीवरून, हातहात सोडत तो खाली नेऊ लागला. मावशी काठावर वाकून, "सरळ... सरळ ठेव बापा..." म्हणत होती. मी तिची कंबर धरून होतो, न जाणो माठामागून तीही जायची. मधेच गरगडी करकरली, माठ जरा झुलला आणि आम्ही सगळे पुतळे झालो. गजाननने दोर छातीशी धरून श्वास रोखला. झुलणं थांबलं, माठ पाण्याच्या वर हातभर येऊन अलगद स्थिरावला. गजाननच्या तळहातांची साल निघाली होती. वीज येऊन माठ परत वर काढेपर्यंत शांताकाकू विहिरीवर खाट टाकून बसल्या. पाणी भरायला कोणी आलं की त्या बोटाने ओठ दाबून दाखवायच्या आणि कुजबुजायच्या, "बाजूच्या हातपंपावर जा. लेकरं निजले हायेत."

बत्तीसच्या माठातली पिल्लं आधी निघाली, मावशीच्या म्हणण्याप्रमाणे अगदी. रेती हलली आणि रुपयाएवढी एक पाठ वर आली, पाठोपाठ दुसरी. विहिरीतून परत आलेल्या माठाने आणखी बरेच दिवस वाट पाहायला लावली, पण तीही निघाली. काही अंडी वाया गेली, बहुतेक जगली. दोन वेगळ्या टोपल्यांत ती खुडबुडत होती. गल्लीतलं प्रत्येक माणूस येऊन पाहून गेलं आणि प्रत्येकाने एकच विचारलं, "यातले पोट्टे कोणते न् पोट्ट्या कोणत्या?"

इथेच घोडं अडलं. कासवाचं पिल्लू लहानपणी बाहेरून पाहून नर की मादी ते कळत नाही. मावशीचे एक जुने वर्गमित्र दूरच्या विद्यापीठात मोठे प्राध्यापक होते. ते मुद्दाम आले, सगळं पाहून भारावले. म्हणाले, "काम उत्तम झालंय. आता दोन्ही टोपल्यांतली थोडी पिल्लं मला दे. पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. तुझं म्हणणं सिद्ध होईल, निबंध छापून येईल, पहिलं नाव तुझं." दुपारभर मावशी टोपल्यांपाशी बसून होती. मला वाटलं, ती देणार. कुणालाही वाटलं असतं. इतक्या वर्षांची इच्छा होती.

चार वाजता तिने चहा आणला. आणि म्हणाली, "नाही रे. पोट उघडून बघायचं, मुलगा आहे की मुलगी? हे बघणाऱ्यांवर मी या गल्लीत एवढी ओरडले. ते मला जमणार नाही."

"अगं, ती कासवं आहेत!"

"माहीत आहे. मीच शिकवलंय."

प्राध्यापक चिडले. एवढी मेहनत मातीत घालतेस म्हणाले. मग चहा प्यायले, हळूहळू निवळले, आणि जाताना एक पिल्लू तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले.

पिल्लं बेंबळेत सोडली तेव्हा शांताकाकू, सुनंदा, गजानन, रशीदभाई, डॉक्टरीणबाई असा मोठाच जथा होता. पिल्लं रेतीवरून सरळ पाण्याकडे गेली. एकही मागे वळलं नाही. मावशीला त्याचं जरा वाईट वाटलं असावं, पण "उत्तम प्रतिक्षिप्त क्रिया" एवढंच ती म्हणाली. दिवाळीनंतर सुनंदाला तिसरी मुलगी झाली. शांताकाकूंचं तोंड पहिल्या दिवशी थोडं पडलेलं होतं, खोटं कशाला सांगू. पण त्यांनी पेढे वाटले. गल्लीतल्या कोणी तरी, "पेढे पोराले, पोरीले तं जिलबी वाटतात न?" असं विचारलं, तर त्या फाडकन म्हणाल्या, "माहा पैसा हाय. मी काय वाटायचं थे मी पाहीन."

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. समोरची खोली कधीच रिकामी झाली. मावशीचे गुडघे गेले, कानही थोडे गेले. पण हिवाळ्यात एकदा तरी तिला बेंबळेवर न्यावं लागतं. पात्राच्या मध्यात खडक आहेत, त्यांवर कासवं ऊन खात बसलेली असतात, माना वर करून, एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन. मावशी काठावर खुर्ची टाकून दुर्बीण लावते. यांच्यात मादी मोठी होते आणि नर लहानच राहतो, त्यामुळे आता लांबूनही अंदाज बांधता येतो.

"ती मोठी दिसते ना," मागच्या खेपेला ती म्हणाली, "ती मादी. आणि शेजारचा छोटा, तो नर."

"आपली आहेत का गं?"

"असतील. नसतील." तिने दुर्बीण खाली केली नाही. "मी काय त्यांना खूण केली होती?"

पलीकडच्या काठाला कोणी तरी बैल पाण्यावर आणले. खडकावरची कासवं एकामागून एक पाण्यात घसरली आणि खडक रिकामा झाला. मी घड्याळ पाहिलं, एसटीची वेळ होत आली होती. "मावशी, निघूया का?" मी जरा मोठ्याने विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "श्वास घ्यायला वर येतील."

आम्ही पाण्याकडे पाहत बसून राहिलो.